डोक्यावरून नेता येणारी सावली

 

आज आम्ही सावलीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, सावलीबद्दल काय बोलायचं? झाड असलं तर सावली, नसलं तर नाही. पण आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. खुरपं जसं अवजार आहे, विळा जसा अवजार आहे, तशी सावलीही कामाचं अवजारच आहे. ती बांधता येते, घडी करून पिशवीत घालता येते आणि डोक्यावरून रानात नेता येते. ती कशानं करायची, कशी बांधायची आणि गटानं ती आपल्या मालकीची का करावी, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी उन्हाचं बघू. उन्हाळ्यात बातम्यांत सांगतात, परभणीत आज पारा 43 वर गेला. हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगवलेल्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. पेटीला चारी बाजूंनी झडपा असतात, म्हणजे ऊन आत जात नाही आणि वारा खेळतो. म्हणजे बघा, ऊन मोजणाऱ्या यंत्राला आपण सावली दिली आणि कांदा काढणारी बाई उघड्यावर. तिच्या अंगावर पडणारं ऊन त्या 43 मध्ये धरलेलंच नाही.

आपल्या भागात मे महिन्याच्या मध्याला एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच जिरते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्याच्या आगेमागे कितीतरी दिवस दुपारची गत तशीच असते. धुऱ्यावर एखादं लिंबाचं झाड असलं तरी सावली फक्त त्याच्या खाली, आणि आपली पात असते रानाच्या दुसऱ्या टोकाला. घोटभर पाणी प्यायला, पाच मिनिटं टेकायला एवढं लांब कोण जाणार? मग बाई पदर पुढं ओढते आणि तिथंच उन्हात बसते. लेकरू असलं तर पदराखाली घेते.

घाम येऊन तो वाऱ्यानं सुकला की अंग थंड होतं. निसर्गानं दिलेली ही एकच सोय आहे. पाणी कमी पडलं, वारा लागला नाही आणि वरून ऊन चालूच राहिलं की ती सोय बंद पडते. डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. ही इशाऱ्याची लक्षणं. पुढं बाई असंबद्ध बोलायला लागली, अंग तव्यासारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात. तेव्हा वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा, तिला सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात मोकळ्या मैदानात बसली होती. त्यातली 14 माणसं उष्माघातानं गेली. ती काही कामाला आली नव्हती, नुसती बसलेली होती. आपण तर त्याच उन्हात वाकून काम करतो.

आम्ही हे गटांच्या बैठकीत बोललो की पहिलं उत्तर येतं, “आम्हाला सवय आहे.” आम्हीही याच रानातल्या आहोत, म्हणून या उत्तराचा मान ठेवून सांगतो, की अंगाला उन्हाची थोडीफार सवय होते, पण तिला हद्द आहे. गरोदर बाई, बाळंतीण, रक्त कमी असलेली, रक्तदाब किंवा साखरेची गोळी खाणारी, साठीची आजी, झोळीतलं लेकरू, यांची हद्द लवकर येते. आणि एका पातेला चालणाऱ्या दहा बायांत यातल्या दोन-तीन तरी असतातच.

कायद्यानंही हे मानलेलं आहे. 2005 साली झालेल्या रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, औषधाची पेटी आणि लेकरांसाठी व विश्रांतीसाठी सावली असावी असं लिहिलं. पाच किंवा जास्त लहान लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला त्यातल्याच एका बाईला नेमावं, असंही लिहिलं. म्हणजे सावली मागणं हे लाड नाहीत. पण दुसऱ्याच्या रानात रोजानं जाताना हा कागद काढून कोण दाखवणार? म्हणून आम्हाला वाटतं, सावली आपल्या हाती असलेली बरी.

उचलून नेता येणारी सावली आपल्याला नवी नाही. बाजारच्या दिवशी फाट्याफाट्यावर पालं लागतात आणि संध्याकाळी गुंडाळली जातात. ऊसतोडीला जाणारी माणसं जाईल तिथं कोपी उभी करतात. धनगर दादा मेंढरं बसवायला येतात तेव्हा घोड्यावरून वाघर आणतात. ती दोऱ्यांची जाळी चार मेखांवर उभी केली की तासाभरात शंभर मेंढरांचा वाडा तयार. सकाळी वाडा मोडून पुन्हा घोड्यावर. आणि झोळी? एक लुगडं, एक फांदी, झाला पाळणा. कमी सामानात, हलकं, घडीचं बांधणं ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. आता फक्त कापड बदललं आहे.

ते कापड म्हणजे शेडनेट, आपण हिरवी जाळी म्हणतो ती. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प 2018 पासून आपल्या परभणीसह पंधरा जिल्ह्यांत आला, तेव्हापासून अनुदानावरची शेडनेटची घरं आपण जागोजागी बघतो. आत मिरची, काकडी, बियाणाचे प्लॉट असतात. आपल्यातल्या कितीतरी जणी त्यात परागीकरणाच्या, खुरपणीच्या कामाला जातात. पण या जाळीचा एक गुण बऱ्याच जणींनी पाहिलेला नसतो. ही जाळी विणकाम केलेली आहे, स्वेटरसारखी.

कापड दोन रीतींनी होतं. लुगडं, धोतर, चादर मागावर होते. उभे धागे, त्यांत आडवे धागे, एक वर एक खाली. असं कापड उभं-आडवं ओढलं तर ताणत नाही. दुसरी रीत सुयांवरची. धाग्याचा फास, त्या फासातून दुसरा फास. स्वेटर, पायमोजे, बनियन, टी-शर्ट हे सगळं फासांचं कापड. ओढलं की फास लांब होतात, सोडलं की पुन्हा गोळा होतात. म्हणून पायमोजा टाचेवर बरोबर बसतो. चादरीचा पायमोजा शिवून बघा, बसणार नाही.

स्वेटरमध्ये एक खोड असते. एक धागा तुटला की ओढत ओढत सगळा उसवतो. शेडनेट ज्या यंत्रावर विणतात त्याला रॅशेल म्हणतात. त्यात शेकडो धागे शेजारी शेजारी उभे चालतात आणि प्रत्येक धागा शेजाऱ्याच्या फासात अडकतो. त्यामुळं ही जाळी कुठंही कापा, ती उसवत जात नाही. घरी जाळीचा तुकडा असेल तर कात्रीनं मध्येच कापून, कडेचा धागा ओढून बघा. मग तिरपा ओढून बघा, किती ताणतो ते कळेल. उसवत नाही आणि ताणतो, हे दोन गुण आपल्याला हवे आहेत.

ताडपत्री का नको? ताडपत्रीनं सावली गडद पडते, पाऊसही अडतो. पण तिच्यातून वारा जात नाही. खाली उष्णता कोंडते आणि अंगाचा घाम सुकत नाही. वरून वावटळ आली की ताडपत्री फुगते आणि खुंट्या उपटून नेते. जाळीच्या भोकांतून वारा पुष्कळसा निघून जातो. झटका कमी, आणि खालच्या माणसाला हवा.

आता आकाराचं. यातच खरी गोम आहे. चौकोनी जाळी चार सारख्या उंचीच्या काठ्यांना सपाट बांधली तर काय होतं? मध्ये झोळ पडतो. वाऱ्यानं फडफडते. फडफडून फडफडून कोपरे फाटतात. आम्ही दोन्ही रीतींनी बांधून पाहिलं. दुसऱ्या रीतीत समोरासमोरचे दोन कोपरे वर घेतले आणि उरलेले दोन खाली ओढले. जाळी घोड्याच्या खोगिरासारखी झाली. एका बाजूनं पाहिलं तर मध्ये खाली वाकलेली, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर मध्ये उंच. अशी जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताठ राहते. वारा खालून उचलायला गेला तर उंच कोपऱ्यांकडून दुसऱ्याकडं जाणारी ओढ सैल होते, पण खालच्या कोपऱ्यांची ओढ जाळी धरून ठेवते. वारा वरून दाबायला गेला तर उंच कोपरे धरतात. एक ना एक जोडी कायम कामावर असते.

हा आकार कुठून आला ते बघायला साबणाचं पाणी पुरतं. एक बांगडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. आत पातळ पडदा धरतो, सपाट. आता बारीक तारेचं कडं करा, त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू वर वाकवा, दोन खाली, आणि बुडवा. पडदा आपोआप खोगिराचा आकार घेतो. कमीत कमी पडद्यात, सगळीकडं सारखी ओढ. लेकरांसोबत करून बघा, त्यांनाही आवडतं.

असे साबणाचे पडदे बघून मोठमोठी छपरं बांधणारा एक माणूस होऊन गेला, जर्मनीचा फ्राय ओटो. आपल्याकडं म्हणतातच, जगात जर्मनी आणि भारतात परभणी! दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये कैदेत होता. तिथल्या छावणीत बांधकामाचं काम त्याच्याकडं आलं, आणि सामान तर जवळपास नव्हतंच. कमीत कमी सामानात आसरा कसा करायचा, हा ध्यास त्याला तिथून लागला. पुढं म्युनिक शहरात 1972 च्या ऑलिंपिकसाठी पोलादी दोरांच्या जाळीचं तंबूसारखं छप्पर झालं, त्यात त्याचा मोठा वाटा होता. 2015 साली वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार त्याला मिळाला.

1972 म्हटलं की आपल्या सासवांना मात्र दुसरंच आठवतं. त्या साली मराठवाड्यात दुष्काळ होता. आपल्या आधीच्या बाया लेकरं पाठीशी घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, डोक्यावर काही नसताना. ज्या साली जगात हलक्या छपराची एवढी मोठी विद्या उभी राहिली, त्याच साली आपल्याकडच्या बायांवर चार हात सावली नव्हती. परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच सालचं. म्हणजे विद्या होती. ती पातेवरच्या बाईपर्यंत पोचायचं राहिलं.

सुयांवरच्या विणकामाचं छप्पर करणाऱ्या दोन बायांचीही गोष्ट सांगतो. अमेरिकेत जेनी सॅबिन या बाईंनी 2017 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाच्या अंगणावर विणलेल्या जाळीचं छत टाकलं. खाली बसायला रिळासारखी बैठक, आणि वरून पाण्याचा बारीक फवारा. लोक उन्हातून येऊन तिथं बसायचे. दुसरी मारियाना पोपेस्कू. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या विद्यापीठात ती संशोधन करत होती. 2018 साली तिनं आणि तिच्या सोबत्यांनी यंत्रावर 36 तासांत एक मोठं कापड विणलं, सूटकेसमध्ये भरून विमानानं मेक्सिकोला नेलं, तिथं ताणून बांधलं आणि त्यावर काँक्रीट चढवलं. कापडाचं वजन 25 किलो, दोरांचं 30 किलो, आणि त्यांनी पेललं पाच टन काँक्रीट. आपल्याला काँक्रीट चढवायचं नाही. पण विणलेलं कापड नीट ताणलं तर किती ओझं धरतं, याचा हा दाखला आहे. आणि विणकामाला बायकांचा रिकामा उद्योग म्हणणाऱ्यांना सांगायलाही बरा आहे.

आता आपली सावली कशी करायची ते ऐका. कागद-पेन घेतलंत तर बरं.

तीन मीटर पन्ह्याची, म्हणजे साधारण दहा फूट रुंद जाळी घ्या. तीन मीटर लांब कापली की दहा बाय दहाचा चौकोन झाला, मध्ये जोड नाही. दुकानात जाळी टक्क्यावर मिळते. 50 टक्के म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, ती पिकांना लागते. माणसाला 75 टक्क्यांची घ्या. जाळी चपट्या पट्टीची असते किंवा गोल तारेची. गोल तारेची जास्त टिकते. शेतीच्या जाळीसाठी आयएस 16008 हे भारतीय मानक आहे, ते दुकानदाराला विचारा. उन्हानं लवकर न विटणारी, यूव्ही प्रक्रिया केलेलीच घ्या, नाही तर कडक होऊन भुगा होते. वजनही विचारा. चौरस मीटरला शंभर ग्रॅमची जाळी असेल तर आपला नऊ मीटरचा तुकडा एक किलोच्या आतच भरतो. एक किलो सावली! ज्वारीच्या पिशवीतही ती मावेल.

जाळी जमिनीवर पसरा. चारही कडा सरळ ठेवायच्या नाहीत. प्रत्येक कड मध्यभागी फूटभर आत घ्यायची, चंद्रकोरीसारखी. आखायला ठिबकची जुनी नळी घ्या. एक टोक एका कोपऱ्यावर, दुसरं दुसऱ्या कोपऱ्यावर, मध्ये आत वाकवा आणि तिच्या कडेनं खडूनं खूण करा. असं कापल्यावर शंभर चौरस फुटांतले सत्तर-पंचाहत्तर उरतात. जीव हळहळतो, पण सरळ कड लोंबते आणि फडफडते. आत वाकलेली कडच ताणली जाते.

मग कडेला परकरासारखा नेफा शिवा. नेफ्यावर जुन्या लुगड्याच्या काठाची किंवा नवारीची पट्टी लावली तर अजून मजबूत. नेफ्यात नाड्याच्या जागी बोटाच्या निम्म्या जाडीची नायलॉनची दोरी ओवा आणि चारही कोपऱ्यांत दोरीचा एकेक फास बाहेर काढून गाठ मारा. ओढ दोरीनं सोसायची, जाळीनं नाही. हे लक्षात ठेवा, कारण बहुतेक जाळ्या कोपऱ्यातच फाटतात.

शिलाई मशीन नसलं तर? कोपऱ्याची जाळी तीन-चार पदरी दुमडा, आत एक गोटी किंवा गुळगुळीत खडा ठेवा, जाळीत गुंडाळा आणि त्याच्या मानेला दोरी आवळा. पोटलीचं तोंड बांधतो तसं. भोक पाडायचं नाही, कडी ठोकायची नाही. खडा निसटत नाही आणि जाळी फाटत नाही.

उभी करायला आठ फुटांचे दोन बांबू, सहा दोऱ्या आणि सहा ठिकाणी धरायला काही तरी. उंच कोपरे बांबूंच्या टोकांना. प्रत्येक बांबूला मागच्या बाजूनं दोन दोऱ्या, पाय फाकवल्यासारख्या. बांबू पुरायचा नाही. खाली चपटा दगड ठेवून त्यावर उभा करायचा, जरासा बाहेर कललेला. खालच्या दोन कोपऱ्यांना बांबूच नको. त्यांची दोरी सरळ जमिनीकडं ओढायची, म्हणजे कोपरा कमरेइतका उंच राहतो. दिशा अशी धरा: उंच कोपरे दक्षिण-उत्तर, खालचे पूर्व-पश्चिम. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, तेव्हा खालचा कोपरा पडद्याचं काम करतो.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात ठोकलेली मेख हातानं निघते. म्हणून खताच्या रिकाम्या गोण्या सोबत न्या. तिथंच माती भरा आणि दोरी गोणीला बांधा. एकाच रानात आठवडाभर काम असेल तर हातभर लांब लाकडाच्या मध्यावर दोरी बांधून ते दीड फूट खोल आडवं पुरा आणि माती तुडवा. ते सहसा निघत नाही. शेजारी झाड, बैलगाडी किंवा उभा टेम्पो असेल तर एक कोपरा त्यालाच बांधा. टेम्पो हलायच्या आधी तेवढा सोडा मात्र.

विणलेली जाळी पहिल्या दिवशी थोडी सैलावते. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढतो ना, तसं दुपारी एकदा ओढून घ्यायचं. दोरी दुहेरी ठेवून तिच्यात काडी घालून पीळ दिला तरी चालतो. उंच कोपऱ्यांना लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे कोणतीही बाई गोंधळल्याशिवाय बांधेल. आमच्यातल्या दोघी मिळून चहाला उकळी फुटेपर्यंत बांधतात. मोडायला त्याहून कमी वेळ लागतो. बांबू आखाड्यावर ठेवायचे, जाळी घडी करून घरी न्यायची. उंदरांपासून जपायची.

काही गोष्टी मात्र करायच्या नाहीत. या सावलीत चूल पेटवायची नाही, बिडी ओढायची नाही, जाळी प्लास्टिकची आहे, वितळते आणि पेटते. लेकराची झोळी या बांबूंना टांगायची नाही. त्यांना जाळीची ओढ पेलायची आहे, लेकराचं वजन नाही. विजेच्या तारांखाली उभी करायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अवकाळीचं आभाळ भरून आलं, वीज चमकली, की जाळीखाली थांबायचं नाही. बांबूच्या जागी लोखंडी पाइप असेल तर अजिबातच नाही. झाडाखालीही नाही. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. वावटळ दिसली तर आधी पश्चिमेची दोरी सोडायची आणि जाळी खाली पाडायची.

वादळात फाटलेल्या शेडनेटचे तुकडे शेतकऱ्यांकडं पडलेले असतात. ते मागून घ्या, पण हातात चुरगाळून बघा. कडकड वाजून भुगा पडला तर घेऊ नका. मऊ राहिली, ताणली गेली, तर धुऊन कामाला येईल. निकामी जाळी पेटवायची नाही, धूर वाईट. भंगारात द्यायची.

आता गटाची गोष्ट. जाळी एकीची असली की ती एकीच्याच पातेला जाते. गटाची असली की नोंदवहीत लिहून ज्यांचं काम आहे त्यांना देता येते. दहा बायांच्या गटाला सुरुवातीला दोन जाळ्या पुरतात. जाळी, दोरी, शिलाई मिळून जो खर्च येईल तो बैठकीत ठरवून लिहा. रोजाची बोली करताना शेतमालकाला सांगा, “सावली आमची, बांबू तुमचे.” बांबू सगळ्यांच्या आखाड्यावर असतात आणि ही मागणी कुणाला जड जात नाही. बाया दुपारी नीट टेकल्या की उरलेलं कामही नीट होतं, हे शहाण्या मालकाला सांगावं लागत नाही. शिवणारी बाई गटात असेल तर भाजी विकणाऱ्या, फळांची पाटी घेऊन फाट्यावर बसणाऱ्या बायांसाठी जाळ्या शिवून द्यायचं काम तिला मिळू शकतं. मशीनवर जाड जाळी शिवायला मोठी सुई लागते आणि दोरा उन्हात न कुजणारा.

सावलीनं सगळं भागत नाही. पाणी सोबत हवंच, दर अर्ध्या-पाऊण तासानं दोन घोट, तहान लागो न लागो. घामासोबत मीठ जातं, म्हणून ताक किंवा मीठ-साखरेचं पाणी हवं. जमेल तेव्हा पात पहाटे धरायची आणि दुपारी सुट्टी घ्यायची. पण सुट्टी घ्यायची तर टेकायला जागा लागते, आणि ती जागा काम जिथं आहे तिथंच लागते. म्हणून सावली हलकी हवी.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्ज, हप्ता, बचत हे विषय झाले की एक विषय वाढवा: गटाची सावली. कुणी जाळीचा तुकडा आणा, कुणी दोरी, कुणी दोन बांबू, आणि अंगणातच उभी करून बघा. आधी सपाट, मग खोगिरासारखी. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. जमलं की शेजारच्या गावच्या गटाला दाखवा. अडलं तर या केंद्रावर कळवा. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही पुढच्या कार्यक्रमात सांगू.

कांदा काढायला, पऱ्हाट्या उपटायला, हळदीला, रोजगार हमीला, जिथं जाल तिथं पाण्याच्या कळशीसोबत ही एक पिशवी नेत जा. सांभाळून राहा. नमस्कार.